टॅपेट कव्हरमधून ऑइल गळतंय, पॅकिंग घरीच बदलू का? (नाशिक)

रानजाई

मंडळी, गाडी पेट्रोल, चार सिलिंडरची हॅचबॅक, लाखाच्या आसपास किलोमीटर झालेली. मी दुसरी मालक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की धागा 'कोणाची गाडी दणकट' या वळणावर जातो आणि मूळ प्रश्न तिथेच राहतो.

लक्षणं अशी: मुंबईहून येताना कसारा चढून घोटीच्या टोलनाक्यावर गाडी हळू झाली की एसीतून जळक्या ऑइलचा वास. धावत्या गाडीत काही जाणवत नाही. गावात द्वारका चौकात अडकलं की परत तोच वास. बॉनेट उघडून पाहिलं तर टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेला काळपट ओला थर, त्यावर धूळ बसलेली. खाली फरशीवर मात्र थेंब पडत नाही. डिपस्टिकवर पातळी थोडी उतरलेली दिसते.

एका गॅरेजमध्ये म्हणाले, "ताई, बोल्ट कसून देतो, पाच मिनिटांचं काम." दुसरीकडे म्हणाले, हेड उतरवावं लागेल. दोन्ही मला पटत नाही. पाने-सॉकेट घरात आहेत, अंबडला क्वालिटीत काम करत असल्यामुळे टॉर्क रेंच (बोल्ट मोजून ठरावीक जोराने कसायचा पाना) रोजच हातात असतो. पॅकिंग स्वतः बदलायचा विचार आहे. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. गळती नक्की तिथूनच आहे हे कसं ठरवायचं? आणि सीलंट लावायचं की नाही?

गोदाकाठ

हेड उतरवायचं काहीही कारण नाही. हेड गॅस्केट वेगळं, ते हेड आणि ब्लॉकच्या मध्ये असतं. तुम्ही म्हणताय ते कव्हर हेडच्या वर बसतं, कॅमशाफ्ट झाकायला. तिथे ऑइल प्रेशरने येत नाही, नुसतं उडतं आणि परत खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, जातं. त्यामुळे गळती झाली तरी झिरपल्यासारखी होते, धार लागत नाही. फरशीवर थेंब नाही याचं कारण बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर बाहेर नेणारा तापलेला पाइप) त्याच बाजूला आहे. ऑइल खाली पोचायच्या आधीच जळतंय.

वास थांबल्यावरच का येतो तेही त्यातच आलं. गाडी धावताना वारा धूर मागे नेतो. उभी राहिली की तो बॉनेटखाली साठतो, आणि एसीची बाहेरची हवा पुढच्या काचेखालच्या जाळीतून ओढली जाते. आतली हवा फिरवायचं बटण दाबून पाहा, वास कमी होईल. पण तो उपाय नाही, उलट दुखणं झाकलं जातं.

आता गळती शोधायचं. ऑइल खाली उतरतं आणि पंख्याच्या हवेने मागे पसरतं, म्हणून सगळ्यात वरचा ओला भाग कुठला ते बघायचं. गाडी थंड असताना तो सगळा भाग डिग्रीजर आणि कापडाने पुसून कोरडा करा. वॉशिंग सेंटरवर प्रेशरने धुऊ नका, पाणी प्लगच्या होलात आणि कनेक्टरमध्ये जातं. मग कडेवर टाल्कम पावडर शिंपडा, एक फेरी मारा आणि टॉर्च लावून बघा. पावडर जिथे पहिल्यांदा ओली होते तिथे उगम.

कव्हरवर आळ घेण्याआधी तीन जागा तपासा: ऑइल भरायच्या झाकणाचं रबर, कॅम सेन्सरची ओ-रिंग, आणि कॅमशाफ्टच्या टोकाचं ऑइल सील. या तिन्ही ठिकाणची गळती हुबेहूब पॅकिंग गेल्यासारखी दिसते.

चाकोरीबाहेर

सरळ सर्व्हिस सेंटरला द्या की. हजार कामं असतात माणसाला. रविवार त्यात घालवायचा?

रानजाई

रविवार सार्थकी लागेल अशी दुसरी सोय सुचवा, विचार करते :)

गोदाकाठ, आभार. माझ्या गाडीत मॅनिफोल्ड मागेच आहे. पावडरीची युक्ती आवडली.

जुना_फिटर

ताई, बोल्ट कसू देऊ नका एवढं पहिलं ऐका. आमच्या वेळी जीप आणि अँबेसेडरला पत्र्याचं टॅपेट कव्हर असायचं, खाली बुचाचं पॅकिंग. गळायला लागलं की पोरं कसायची. कसलं की बोल्टपाशी पत्रा दबायचा आणि दोन बोल्टच्या मधला भाग वर उचलायचा, मग दुप्पट गळायचं. ते कव्हर काढून, लाकडावर ठेवून, हातोडीने हलक्या हाताने सपाट करावं लागे. मी हे काम शिकलो तेव्हा उस्ताद म्हणायचे, पॅकिंगला दाब हवा, जबरदस्ती नको.

सीलंटचं विचाराल तर आम्ही पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना शेलॅक लावून बसवायचो. वर्षानुवर्षं टिकायचं. लावून टाका.

पाना_दहाचा

वडाळा नाक्याकडे गॅरेज आहे, नाव लिहीत नाही, जाहिरात वाटायला नको. वरच्या काकांशी निम्मा सहमत.

कसायचं नाही हे शंभर टक्के. पण आजच्या गाड्यांत कारण वेगळं आहे. कव्हर अॅल्युमिनियमचं किंवा प्लास्टिकचं, त्याला खोबण, खोबणीत आकार दिलेलं रबर. बऱ्याच इंजिनांत बोल्टला खांदा असतो. बोल्ट ठरावीक खोलीवर जाऊन हेडवर टेकतो. रबर किती दबायचं ते कंपनीने त्या खांद्याच्या लांबीतच ठरवून ठेवलेलं असतं. बोल्ट टेकल्यावर तुम्ही आणखी जोर लावाल तर रबरावर तो जोर पोचतच नाही. एक तर बोल्ट तुटतो, नाही तर हेडमधले आटे निघतात. बोल्ट सहा मिलिमीटरचा, डोकं दहाच्या पान्याचं, खाली मऊ अॅल्युमिनियम. लांब पाना घेऊन माणूस सहज दुप्पट-तिप्पट जोर लावतो आणि त्याला कळतही नाही.

आणि मुळात रबर कडक झालेलं असतं. इंजिन तापतं, थंड होतं, असं वर्षानुवर्षं चालल्यावर रबराची उसळी जाते. काढल्यावर बोटात वाकवून बघा, चरचर तडकतं. त्याला कसून परत मऊ करता येत नाही. बदलायचं, दुसरा मार्ग नाही. काढलेलं परत बसवायचंही नाही.

शेलॅकबद्दल काका, बुचाला आणि कागदी पॅकिंगला ठीक. रबराला नको. रबर कोरड्या, स्वच्छ पृष्ठभागावर पकड घेतं. त्यावर सीलंट चोपडलं की ते घसरतं, खोबणीतून बाहेर येतं. मग कव्हर बसवताना चिमटतं.

जुना_फिटर

म्हणजे मुळीच लावायचं नाही? मग कंपनीवाले ट्यूब कशाला देतात?

पाना_दहाचा

लावायचं, पण नेमक्या जागी. टायमिंग कव्हर (टायमिंग चेनवरचं झाकण) जिथे हेडला येऊन मिळतं त्या सांध्यावर दोन्ही बाजूंना एकेक ठिपका. काही इंजिनांत कॅमच्या टोकाला अर्धगोल असतो, त्याच्या कोपऱ्यांवरही. तिथे तीन पृष्ठभाग एकत्र येतात, बारीक फट राहते, ती रबराने भरत नाही. ठिपका हरभऱ्याएवढा पुरे. जुनं सीलंट तिथे असेल तर आधी पूर्ण काढायचं.

जास्त लावलं तर बाहेरून दिसतं तेवढंच आतही दाबलं जातं. तो आतला तुकडा सुटतो, ऑइलबरोबर खाली सम्पमध्ये जातो आणि पंपाच्या जाळीवर बसतो. जाळी तुंबली की इंजिनला ऑइल कमी पडतं. पॅकिंगचं काम काही शे रुपयांचं, त्यातून इंजिन उघडायची पाळी आलेली मी पाहिली आहे.

आणि इंजिनचंच आरटीव्ही (ट्यूबमधलं, हवेत घट्ट होणारं सिलिकॉन सीलंट) घ्या, ऑइल सहन करणारं, पाकिटावर 'सेन्सर सेफ' लिहिलेलं. घरात बाथरूमच्या कामाचं सिलिकॉन उरलंय म्हणून ते लावणारेही भेटतात. ते व्हिनेगरसारखा वास मारतं, धातू खातं आणि ऑइलमध्ये टिकत नाही.

जुना_फिटर

कोपऱ्याचा मुद्दा मान्य. बुचाला असले कोपरे नव्हतेच. मात्र एक माझं लिहून ठेवा: बुचाचं पॅकिंग असेल तर गाडी एकदा तापून थंड झाली की बोल्ट पुन्हा तपासायचे, कारण बूच बसतं. रबराला ते लागत नाही.

द्राक्षबागाईत

दिंडोरीकडून. धागा वाचतोय. माझी डिझेल पिकअप आहे. गेल्या हंगामात टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, आता परत तिथूनच गळतंय. पॅकिंग ओरिजिनल होतं. मग दोष कोणाचा?

पाना_दहाचा

भाऊ, तुमचा प्रश्न ताईंच्याही कामाचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

इंजिन चालताना थोडा गॅस पिस्टनच्या रिंगांवरून खाली झिरपतो, तो सगळ्याच इंजिनांत झिरपतो. तो बाहेर काढायला ब्रीदर असतो. पेट्रोलमध्ये बहुतेक ठिकाणी पीसीव्ही व्हॉल्व्ह, जो तो गॅस परत इनटेककडे ओढून घेतो. हा रस्ता काजळी-चिकट ऑइलने तुंबला की इंजिनच्या पोटात दाब वाढतो. दाबाला वाट हवी असते, मग जे रबर सगळ्यात कमजोर तिथून ऑइल ढकललं जातं. नवं पॅकिंग टाकलं तरी तेच होणार. त्यामुळे पॅकिंग बदलताना ब्रीदर न बघणं म्हणजे अर्धं काम.

तपासायला सोपं. पेट्रोल गाडी आयडलवर ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा, त्या भोकावर कागदाचा तुकडा ठेवा. पीसीव्ही काम करत असेल तर कागद हलका खाली ओढला जातो. उडत असेल तर गडबड. काही इंजिनांत झाकण काढल्यावर ऑइलचे शिंतोडे येतात, तेव्हा अंगावरचे कपडे आणि हात जपून. व्हॉल्व्ह बाहेर काढून कानापाशी हलवला तर बहुतेक प्रकारांत आतली गोळी खुळखुळते. आवाज नाही म्हणजे अडकलेला.

डिझेलला झाकण सैल करून उलटं नुसतं भोकावर ठेवा. थोडं थरथरलं तर चालतं. उडून पडलं किंवा भोकातून धुराचे फुत्कार यायला लागले तर ब्रीदरचा पाइप आधी साफ करा आणि परत बघा. तरीही तसंच असेल तर रिंगा झिजल्या आहेत, तेव्हा कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर किती दाब धरतो त्याची चाचणी) करून घ्यायची. टर्बो असेल तर तिकडूनही दाब येऊ शकतो, तेही बघायला सांगा.

द्राक्षबागाईत

समजलं. बघतो आणि सांगतो.

मूक_वाचक

एक विचारू? ऑइल मॅनिफोल्डवर पडतंय तर आग लागू शकते का? घाबरवायचं नाही, पण आमच्या सोसायटीत एकाच्या बॉनेटमधून धूर आला होता.

गोदाकाठ

लागू शकते. इंजिन ऑइलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) २०० अंश सेल्सिअसच्या वर असतो आणि घाटात लोडवर चढणाऱ्या गाडीचा मॅनिफोल्ड त्याहून बराच गरम होतो. दर वेळी पेट घेत नाही, बहुतेक वेळा धूर आणि वासच होतो. पण मॅनिफोल्डखाली ऑइल भिजलेला कचरा साठलेला असेल किंवा कोणी सफाईचं कापड विसरलं असेल तर ठिणगीला वाट मिळते. म्हणूनच वास येत असताना घाट-प्रवास लांबवू नये.

रानजाई

काम झालं. जरा लांबण लावते, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

आधी पावडरीचा प्रयोग. झाकण, कॅम सेन्सर, सील तिन्ही कोरडे. मागच्या कडेला मधल्या भागात पावडर ओली झाली. मग कागदाचा प्रयोग केला, तर कागद उडाला! पीसीव्ही काढून हलवला, आवाज नाही. म्हणजे पाना_दहाचा यांनी दिंडोरीच्या दादांना सांगितलं ते माझ्याच गाडीचं निघालं.

सामान आणायला द्वारकेकडच्या पार्टच्या दुकानात गेले. काउंटरवाल्याने आधी आरसी मागितली, चॅसिस नंबरवरून पार्ट नंबर काढला. त्याच मॉडेलच्या दोन इंजिनांना दोन वेगळी पॅकिंगं आहेत, मला ठाऊकच नव्हतं. पॅकिंग, प्लग ट्यूबचे चार सील आणि पीसीव्ही असं घेतलं. त्याने सील वेगळे मागायला सांगितलं ते बरं झालं. काही सेटमध्ये ते येत नाहीत.

इंजिन रात्रभर थंड. बॅटरीची निगेटिव्ह काढली. एअर फिल्टरचा पाइप, मग कॉइलचे कनेक्टर. ही प्लास्टिकची लॉकं जुनी झाली की नखाने दाबतानाच तुटतात, म्हणून आधी हेअर ड्रायरने जरा गरम केली, सगळी शाबूत राहिली. कॉइल काढल्यावर तिसऱ्या प्लगच्या होलात ऑइल दिसलं. गाडी सकाळी थोडी थरथरायची ती याच्यामुळे असणार. प्लगला हात लावायच्या आधी ते ऑइल कापडाच्या सुरळीने पूर्ण टिपून घेतलं, नाहीतर प्लग सैल झाल्याबरोबर सगळं सिलिंडरमध्ये उतरतं.

बोल्ट बाहेरच्या कडेकडून आत असे थोडे थोडे सैल केले. मधला एक नुसताच फिरत राहिला. आधीच्या मालकाच्या काळात कोणीतरी कसून आटे घालवलेले. जुना_फिटर काका, तुमची आठवण काढली.

कव्हर चिकटलं होतं. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा मोह आवरला, कारण तिथे एक ओरखडा पडला की नवं पॅकिंगही तिथूनच गळणार. रबरी हातोडीने कडेला टिचक्या मारल्यावर सुटलं. रबर खरोखर प्लास्टिकसारखं कडक, खोबणीतून तुकडे तुकडे करून काढावं लागलं. खालचं तोंड साफ करताना कॅमच्या भागावर आधी स्वच्छ कापड अंथरलं, आणि खरवडायला प्लास्टिकची पट्टी वापरली.

आता त्या गेलेल्या आट्यांचं काय करायचं यावर अडकले. इथे विचारण्याऐवजी ओळखीच्या फिटरला फोन केला, त्यामुळे हा प्रश्न धाग्यावर आला नाही.

पाना_दहाचा

गेलेल्या आट्यांच्या जागी हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवलं ना? हेड जागेवर असताना?

रानजाई

हो. सहा मिलिमीटरचं हेलिकॉइल, सातपूरहून फिटर घरी आला. टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) खाचांत ग्रीस भरलं होतं, म्हणजे अॅल्युमिनियमचा बुरा त्यातच चिकटतो. भोवती कापड कोंबलं. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, टॅप काढून पुसायचा, परत ग्रीस. त्याच्या हाताची गती बघण्यासारखी होती. शेवटी व्हॅक्यूमने भोक साफ केलं. आधीपेक्षा हा आटा मजबूत, असं तो म्हणाला, आणि स्टीलची तार असल्यामुळे ते खरंही आहे.

मग सांध्यांवर आरटीव्हीचे दोन ठिपके, रबर खोबणीत बोटाने सगळीकडून दाबून बसवलं, कव्हर सरळ खाली ठेवलं. ठिपके साय धरायच्या आत कव्हर बसलं पाहिजे, म्हणून सगळं आधीच मांडून ठेवलं होतं. बोल्ट आधी हाताने, मग मधून बाहेर तिरकस क्रमाने, दोन टप्प्यांत. माझ्या मॅन्युअलमध्ये १० न्यूटन-मीटर आहे. इतर गाडीवाल्यांनी आपापलं बघावं, ८ देणाऱ्या कंपन्याही आहेत. कंपनीतला मोठा रेंच इथे निरुपयोगी आहे हे सांगून ठेवते. तो २० पासून सुरू होतो. खालच्या टोकाला रेंचवर भरवसा नसतो, म्हणून ५ ते २५ चा लहान रेंच मागून आणला.

ट्यूबवर लिहिलंय तेवढा वेळ वाळू दिलं, दुसऱ्या दिवशी चालू केली.

चाकोरीबाहेर

हात टेकले! धूर आला का चालू केल्यावर?

रानजाई

आला आणि तेव्हा पोटात गोळा आला. मॅनिफोल्डवर साठलेलं जुनं ऑइल जळत होतं. त्र्यंबकच्या रस्त्याला एक फेरी मारून आल्यावर तो गेला. कागद आता भोकाकडे ओढला जातो. आयडल शांत आहे.

जुना_फिटर

छान. ऑइलची पातळी आता दर आठवड्याला बघत जा. पूर्वी गळतीमुळे उतरत होती की इंजिन खातही होतं, ते आता समजेल.

मूक_वाचक

प्लास्टिकचं कव्हर असतं तेव्हा पॅकिंग बदलूनही गळत राहतं असं ऐकलंय. खरं आहे का?

पाना_दहाचा

कव्हर तडकलं किंवा उष्णतेने वाकलं असेल तर राहतं. कव्हर काढल्यावर कडेवर स्टीलची पट्टी आडवी ठेवून उजेडात बघायचं, फट दिसली तर कव्हरच बदलायचं. काही गाड्यांत पीसीव्हीचा पडदा कव्हरमध्येच बसवलेला असतो, तो फाटला तरी बऱ्याचदा अख्खं कव्हर घ्यावं लागतं. ते महाग पडतं, आणि त्यावर सीलंट चोपडून भागवणारे गिऱ्हाईक परत माझ्याकडेच येतात.

द्राक्षबागाईत

झाकणाचा प्रयोग केला. झाकण उडून बंपरवर पडलं. ब्रीदरचा पाइप काढला तर आत डांबरासारखा गाळ, काडीही पलीकडे जात नव्हती. साफ करून परत केलं. आता नुसतं थरथरतं.

पाना_दहाचा

मग रिंगांवर इतक्यात खर्च करू नका. पॅकिंग आता नवं टाका, ऑइल आणि फिल्टर बदला, आणि पुढचे काही हजार किलोमीटर ब्रीदरचा पाइप अधूनमधून काढून बघा. इतक्या लवकर परत गाळ धरला तर मात्र कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. एअर फिल्टरही बघा, बागेच्या रस्त्यांची धूळ त्यातून आत जात असेल तर रिंगा लवकर झिजतात.

द्राक्षबागाईत

एअर फिल्टर कधी बदललाय ते आठवत नाही. उद्याच आणतो, चॅसिस नंबर घेऊन.